पाचपिंपळीचा कागद

सोपान गुरवाला वाचता यायची ती फक्त गावांची आणि तालुक्यांची नावं. लिहिता यायची ती सही आणि तारीख; बाकीच्या अक्षरांशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. कागद हातात आला की त्याचे डोळे वरच्या कोपऱ्यात जायचे, गाव कुठलं ते बघायचे आणि तिथंच थांबायचे. आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसानं जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणजे कमालच झाली. गावही तेच म्हणालं. पण बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आमच्या गटात राज्यकारभारावर चार शहाणपणाच्या गोष्टी कुणी सांगितल्या असतील, तर त्या या सोपाननंच.

हिवरगाव हे कराड तालुक्याच्या दक्षिण टोकाचं गाव. पुढं ओढा ओलांडला की वाळवा तालुका लागतो. सोपानचा बाप देवीचा गुरव. देवळाची झाडलोट करायची, बेल-फूल वाहायचं आणि यात्रेत पालखीची दोरी आवळायची, ही त्याची कामं. त्या दोरीची एक खास गाठ होती. एका टोकाला ओढली की घट्ट बसायची, दुसऱ्या टोकाला नुसता झटका दिला की सुटायची. बापानं ती दोन्ही पोरांना शिकवली. पुढं देवळाची सेवा थोरल्याकडं गेली आणि धाकटा सोपान गाठीपुरता गुरव राहिला. एकविसाव्या वर्षी तो साताऱ्याला गेला आणि एका कचेरीत पट्टेवाला म्हणून लागला. कचेरी कुठली, ते राहू द्या. सगळ्या कचेऱ्यांचं स्टूल एकसारखंच डुगडुगतं.

त्या स्टुलावर तो तेहतीस वर्षं बसला. साहेब आले नि गेले, गोरे गेले नि आपले आले, सोपान मात्र दाराबाहेर तसाच. टेबलावरचा कागद उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायचा, हे त्याचं काम. त्यामुळं कागद कसा चालतो हे त्याला साहेबापेक्षा जास्त कळायचं. कुठला कारकून कागद पुस्तकाखाली दाबतो, कुठला रजेवर जाताना कपाटाची किल्ली सोबत नेतो, कुठला 'चौकशी करावी' असं लिहून कागद तीन मैल लांब पाठवतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बोलायचा मात्र नाही. पट्टेवाल्यानं बोलायचं नसतं, असा तेव्हा कायदाच होता म्हणा ना.

साठ साली सोपान निवृत्त होऊन घरी आला तेव्हा त्याच्याकडं पितळी बक्कल लावलेला पट्टा होता आणि पाठीला थोडा बाक आला होता. बायको चंद्राबाई म्हणाली, "आता तरी बसा घटकाभर निवांत." पण निवांत कसला! आठ दिवसांत ओट्यावर माणसं यायला लागली. एकाची रस्त्याची तक्रार, एकाची शाळेच्या खोलीची, एकीला तगाई-कर्जाच्या अर्जाचं काय झालं ते हवं होतं. सोपान विचारायचा, "कवा दिला? कुणाच्या हातात दिला?" मग डोळे मिटून जरा वेळ बसायचा आणि सांगायचा, "तुमचा कागद खिडकीशेजारच्या कपाटात असंल बगा. खालनं दुसऱ्या कप्प्यात." माणूस साताऱ्याला जाऊन यायचा आणि कागद खरोखरच तिथं सापडायचा. लोकांना वाटलं, याच्या अंगात येतं. चंद्राबाई चहाला आधण ठेवून ठेवून वैतागली.

अशात जिल्हा परिषदेची पहिलीवहिली निवडणूक लागली. गटात आप्पासाहेब पाटलांचं नाव पक्कं होतं. माणूस वाईट नव्हता. तालेवार होता, हसरा होता, कुणाच्या लग्नाला नाही म्हणायचा नाही. सगळ्यांनी ठरवलं की आप्पासाहेबांना बिनविरोध निवडून द्यायचं आणि पेढे खायचे. सोपानलाही ते मान्य होतं. तो फक्त एक गोष्ट सांगायला त्यांच्या सोप्यात गेला.

"आप्पासाहेब, तुमी निवडून आलासा की येवढं एक करा. बाजाराच्या दिवशी साहेबांनी बाजारात येऊन बसाया पायजे. माणूस बाजाराला येतंयच की. त्येला कचेरीला वेगळा हेलपाटा कशापायी?"

आप्पासाहेब खदाखदा हसले. "सोपान, अरं गड्या, कचेरी म्हंजे काय वांग्याची पाटी हाय व्हय, बाजारात मांडायला?"

सोप्यात बसलेले सगळे हसले. सोपानही हसला, कारण तेहतीस वर्षं साहेब हसला की हसायचं हीच सवय. पण घरी आल्यावर त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. चंद्राबाईनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "मी फारम भरतो." तिला वाटलं, कुणाचा तरी अर्ज भरायचा असेल. खरी गोष्ट कळली तेव्हा ती कपाळाला हात लावून चुलीपुढंच बसली.

त्याच्या बाजूला उभा राहिला तो एकटा इलाही मुलाणी. इलाही शिंपीकाम करायचा. बाजाराच्या दिवशी मशीन घेऊन झाडाखाली बसायचा आणि गावात सायकल होती ती त्याचीच. सोपानला निशाणी मिळाली सायकल. इलाही म्हणाला, "दादा, अल्लानंच दिलीया. आता मलाच पायंडल मारावं लागणार." त्यानं गेरू कालवून भिंतीभिंतीवर सायकली काढल्या. हात मापाच्या कपड्यांवर बसलेला, त्यामुळं सायकलीला चाकांपेक्षा बाह्याच जास्त आल्यासारख्या दिसायच्या. पण ओळखू यायच्या.

सोपानला भाषण येत नव्हतं. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. चावडीपुढं माणसं जमली की तो एक कोरा कागद काढायचा आणि पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा. "द्या पुढं. हातोहात द्या." कागद रांगेरांगेतनं फिरून परत त्याच्याकडं यायचा. मग तो म्हणायचा, "साठ हातांतनं आला. विडीबी संपली न्हाई कुणाची. साताऱ्यात दहा हात लागत्यात आनि सा म्हैनं लागत्यात. का, म्हाइती हाय? कुणी कवा घेतला नि कवा दिला, ह्याची नोंदच न्हाई. मी निवडून आलो तर येकच करीन. कागदाच्या पाठीवर ज्येनं त्येनं तारीख घालायची. घेतला तवाची आनि दिला तवाची. काम व्हनार नसंल तर न्हाई म्हनून सांगा, पर म्हैन्याच्या आत सांगा. आनि सायेब बाजारात बसंल."

बस्स, एवढंच त्याचं भाषण. पण लोकांना ते पटायला लागलं. ज्याच्या हातातनं कागद गेला, त्याला वाटायचं आपणही यात आहोत. पहिल्यांदा गंमत बघायला येणारी माणसं दुसऱ्यांदा शेजाऱ्याला घेऊन यायला लागली. आप्पासाहेबांच्या माणसांचं हसणं कमी झालं आणि फिरणं वाढलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नवबौद्ध वस्तीची माणसं सभेत कडेला, भिंतीला टेकून बसायची. कागद त्यांच्या जवळ यायला लागला की सोपान म्हणायचा, "बास, कळलं न्हवं?" आणि कागद माघारी घ्यायचा. मनात काही धरून नव्हे हो, त्याच्या ते ध्यानातच यायचं नाही. भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या ध्यानात मात्र यायचं.

मतदानाला दहा दिवस राहिले असताना तो पाचपिंपळीला गेला. पाचपिंपळी म्हणजे गटाचं शेवटचं गाव, ओढ्याच्या अगदी काठावर. तिथल्या वस्तीत चव्वेचाळीस मतं होती. इलाहीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "दादा, ही चव्वेचाळीस आली की आपुन तरलो." म्हणून सभा वस्तीतच ठेवली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढं निळं कापड, सारवलेलं अंगण. इथं कागद सगळ्यांच्या हातांतनं जाणार हे उघडच होतं. गेलाही. पण अर्ध्यावर एका म्हातारीनं तो हातात घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

"आक्का, द्या की पुढं," सोपान म्हणाला. उमेदवारीनं माणसाच्या तोंडात किती लवकर 'आक्का' येतं बघा.

म्हातारीचं नाव रंगूबाई. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "देते की. पर आदी आमचा कागद कुठं हाय त्यो सांगा, दादा. तुमाला समद्यांचं कागद दिसत्यात म्हनं."

"कंचा कागद?"

"आडाचा. आमच्या मालकानं दिलेला. तुमच्याच हातात."

तिचा नवरा अर्जुना पलटणीतनं परत आलेला माणूस. लिहिणं-वाचणं पलटणीत शिकला होता. गावातल्या विहिरीवर वस्तीला पाणी भरू देत नव्हते आणि बायका ओढ्यात झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरायच्या. म्हणून त्यानं एकोणपन्नास साली स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, चालत नि गाडीनं साताऱ्याला गेला आणि कचेरीच्या दारात आपल्याकडचा माणूस दिसला म्हणून अर्ज सोपानच्या हातात दिला.

सोपानला तो माणूस आठवला. इस्त्रीची खाकी, ताठ मान. आणि आपण काय म्हणालो तेही आठवलं. "माज्या हातात दिलासा म्हंजे पोचला समजा." असं तो सगळ्यांनाच म्हणायचा.

"मालक पाच वरसामागं गेलं," रंगूबाई म्हणाली. "जाईपातूर म्हनत हुतं, सोपान शिपायाच्या हातात दिलाय, येईल. तेरा वरसं झाली. आमी अजून झिरंच उकरतोय."

सोपान म्हणाला, "मी हुडकून आनतो." रंगूबाईनं कोरा कागद शेजारणीच्या हातात दिला, पण सोपान तो परत यायची वाट न बघता उठला. सभा तशीच मोडली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं साताऱ्याला गेला. इलाही आरडाओरडा करत होता की प्रचाराचे दिवस आहेत, पण ऐकतो कोण. जुन्या कचेरीत दप्तर सांभाळणारा ओळखीचा होता. त्यानं एकोणपन्नासचं आवक पुस्तक काढलं. जुलैच्या पानावर पाचपिंपळीचं नाव होतं. पुढं काय लिहिलंय ते दप्तरवाल्यानं वाचून दाखवलं. "दक्षिणेकडे रवाना."

ते ऐकलं आणि सोपानला एकोणपन्नासचा व्हरांडा आठवला.

त्या सालच्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते. वाळवा, तासगाव, मिरज वगैरे तालुके दक्षिण सातारा म्हणून वेगळे निघाले. त्यालाच आता सांगली जिल्हा म्हणतात. कागदांचीही वाटणी झाली. व्हरांडाभर रुमाल पसरले होते. रुमाल म्हणजे कागद बांधायची फडकी. तांबड्या रुमालात साताऱ्याला राहणारे, पांढऱ्या रुमालात दक्षिणेला जाणारे. गावांची यादी कुठल्यातरी टेबलावर अडकली होती आणि गाडी तर संध्याकाळी सुटायची होती. हेडकारकून घायकुतीला येऊन एकेक नाव पुकारत होते. कराड-वाळव्याच्या शिवेवरची गावं आली की ते म्हणायचे, "सोपान, तू तिकडचा ना? सांग, हे कुणाकडं?"

केवढा मान वाटला होता त्याला! साहेब लोक त्याला विचारत होते. "पाचपिंपळी?" असं विचारल्यावर तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला होता, "वाळव्याकडं." पाचपिंपळीची माणसं बाजाराला वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरला जातात. आणि आमच्याकडं गाव कुठलं हे बाजारावरनं ठरतं. कुणाला विचारा, तुमचा तालुका कुठला, तो बाजाराचं गाव सांगणार. सरकारच्या यादीत पाचपिंपळी कराड तालुक्यात होती, साताऱ्यातच राहणार होती. ते सोपानच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं पाचपिंपळीचे कागद पांढऱ्या रुमालात घातले आणि बापाची गाठ मारली.

दोन दिवसांनी तो सांगलीला पोचला. विश्रामबागेच्या अंगाला एका कचेरीच्या मागच्या खोलीत जुनी दप्तरं होती. तिथल्या कारकुनानं आधी उडवून लावलं. "पाचपिंपळी? असलं गाव आमच्या यादीत नाही." सोपान म्हणाला, "तेच तर. तुमच्या यादीत न्हाई, म्हनून त्यो रुमाल तुमी सोडला नसंल." कारकून चमकला. दोघांनी मिळून कपाटामागची धूळ उपसली. पांढरा रुमाल पिवळा पडला होता. वर गाठ होती, पालखीच्या दोरीची. तेरा वर्षांत ती कुणी सोडली नव्हती.

सोपाननं एका टोकाला झटका दिला. गाठ लगेच सुटली. त्याला फार वाईट वाटलं, इतक्या सहज सुटल्याचं.

वरून चौथाच कागद अर्जुनाचा होता. कारकुनानं तो मोठ्यानं वाचला. अर्जुनानं लिहिलं होतं की वस्तीस पिण्याच्या पाण्याचा आड नाही, बायामाणसांस ओढ्यात दोन-दोन तास बसावं लागतं, खोदाईचं काम आम्ही वस्तीतले लोक फुकट करू, सरकारनं फक्त जागा आणि दगड द्यावा. सोपानचे डोळे भरून आले. फुकट करू म्हणाला होता माणूस. कारकून म्हणाला, "कागद तुमच्या जिल्ह्याचा आहे, सही करा आणि न्या." सोपाननं सवयीनं सहीपुढं 'शिपाई' लिहिलं.

घरी आल्यावर इलाहीनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "दादा, कागद गावला, झ्याक झालं. आता त्यो गपगुमान पेटीत ठिवा. निवडून या. पयला आड पाचपिंपळीला पाडा. कुनी चुकी केली ह्ये आत्ता सांगून कुनाचं भलं व्हनार हाय?"

बोलणं खोटं नव्हतं. सोपाननं चंद्राबाईकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"माजं काय इचारता?" ती म्हणाली. "तुमी सभंत म्हनता, कुनी कागद अडवला ते कळाया पायजे. मग आता कळू द्या की."

"मी पडंन की गं."

"पडा. स्टुलावर बसत हुता तवाबी चूल पेटतच हुती."

इलाहीनं हात जोडले आणि सायकल घेऊन निघून गेला. सोपानला त्या रात्री झोप लागली नाही, पण ती काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

प्रचाराची शेवटची सभा हिवरगावच्या चावडीपुढं होती. दिवस कलायला माणसं जमली. पाचपिंपळीची वस्ती बोलावणं गेलं म्हणून आली होती आणि नेहमीसारखी भिंतीला बसली होती. मागच्या कट्ट्यावर आप्पासाहेबही येऊन बसले होते, मजा बघायला. सोपान आज पुढच्या रांगेकडं गेला नाही. तो भिंतीकडं गेला आणि कागद रंगूबाईच्या हातात दिला.

"आक्का, आज हितनं सुरू करा. ह्यो कोरा न्हाई. अर्जुनाचा हाय."

रंगूबाईनं कागद ओळखला. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण बघून ओळखू येत होतं. तिनं त्यावरनं एकदा हात फिरवला आणि पुढं धरला. पण भिंत आणि बाकीची सभा यांच्यामध्ये चार हात मोकळी जागा होती, आणि सभेच्या बाजूचं कुणी हात पुढं करेना. कागद तसाच अधांतरी राहिला. मग बायकांतनं चंद्राबाई उठली, पदर खोचून आली आणि रंगूबाईच्या हातातनं कागद घेऊन आपल्या शेजारणीच्या हातात दिला. शेजारणीची पंचाईत झाली, पण तिनं घेतला. तिथनं मात्र कागद निघाला. या हातातनं त्या हातात, पाटलांच्या, माळ्यांच्या, मुलाण्यांच्या हातांतनं.

तो फिरत असतानाच सोपाननं सांगून टाकलं. व्हरांडा, रुमाल, हेडकारकुनाचा प्रश्न, आपलं उत्तर, आपली गाठ. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. "कुनी सायबानं न्हाई अडवला. कुनी कारकुनानं न्हाई दाबला. म्या अडवला. आनि तेरा वरसात येकदाबी इचारलं न्हाई, की त्या मानसाच्या आडाचं काय झालं."

त्याच्याच भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "मग सोपान, त्यांच्यात नि तुज्यात फरक तो काय रं?"

"काय बी न्हाई, तात्या," सोपान म्हणाला. "म्हनून तर बोंबलतोय, तारीख घाला. चुकायला वाईट मानूस लागत न्हाई, माज्यासारखाबी चुकतोय. पाठीवर तारीख असती तर तेरा दिवसांत धरलं असतं मला. तेरा वरसं लागली नसती."

कागद फिरत फिरत कट्ट्यावर आप्पासाहेबांच्या हातात गेला. त्यांनी तो सगळा वाचला, घडी घातली आणि सोपानला परत आणून दिला. ते हसले नाहीत.

मतमोजणी कराडला झाली. सोपान सत्तावीस मतांनी पडला.

सत्तावीस! हजारानं पडला असता तर गाव म्हणालं असतं, गेलं. पण सत्तावीस मतं म्हणजे चार घरंसुद्धा नव्हेत. इलाही गेरूचा डबा पालथा घालून त्यावर बसला आणि म्हणाला, "दादा, त्या दिवशी तोंड शिवून घेतलं असतंसा तर." कपडे शिवणाऱ्यानं हे म्हणावं म्हणजे त्याला किती लागलं होतं बघा. सोपानलाही लागलं होतं. दोन दिवस तो ओट्यावर बसला नाही.

आप्पासाहेबांची मिरवणूक दारावरनं निघाली तेव्हा तो पुढं झाला. त्यानं अर्जुनाचा कागद त्यांच्या गुलालानं माखलेल्या हातात दिला. "आता तुमचं काम. पाठीवर तारीख घाला आनि सही करा. मी बगतो हितं हुभा राहून." वाजंत्री थांबली. आप्पासाहेबांनी कुणाचीतरी पेन्सिल मागितली, कागद वाजंत्र्याच्या ढोलावर ठेवला आणि तारीख घालून सही केली. त्या कागदाच्या पाठीवर पडलेली ती पहिली तारीख.

तेवढं सांगायला म्हणून सोपान पाचपिंपळीला गेला. रंगूबाई दारात गोधडीला टाके घालत होती. तिनं त्याला बसायला पोतं टाकलं. त्यानं सहीचं सांगितलं. तिनं मान हलवली.

"दादा, येक सांगू?" ती म्हणाली. "आमच्या वस्तीचं येक बी मत तुमाला न्हाई दिलं."

चव्वेचाळीस. सोपान सत्तावीसनं पडला होता; हिशेब करायलासुद्धा काही नव्हतं.

"मीच सांगितलं समद्यांला. तुमी खरं बोललासा, चांगलं केलंसा. पर तेरा वरसं झाली, दादा. मानूस गेला वाट बगून. त्येचं येवढं तरी व्हायाच पायजे हुतं, का न्हाई?"

सोपानला वाटलं होतं की राग येईल. आला नाही. उलट बऱ्याच दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "व्हय, आक्का," तो म्हणाला. "पायजेच हुतं."

रंगूबाई उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. वस्तीतल्या कुणाकडनं तरी लिहून घेतलेला, शाळेच्या वाटेवर ओढ्याला साकव पाहिजे म्हणून. तिनं तो आप्पासाहेबांसाठी ठेवला नव्हता, तलाठ्यासाठीही नाही. तिनं तो सोपानपुढं धरला.

"ह्यो घ्या. तुमच्याच हातात देते."

'पोचला समजा' हे जुनं वाक्य सोपानच्या जिभेवर आलं होतं, तेहतीस वर्षांची सवय. त्यानं ते गिळलं. कागद घेतला, उलटा केला, आणि खिशातनं पेन्सिल काढून तिच्या उंबऱ्यावर बसून पाठीवर आधी तारीख घातली. मग तो म्हणाला, "पोचला की सांगायला येतो, आक्का. पोचला न्हाई तरीबी येतो."